मी पाहिलं नाही, सर

ही गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, आणि जिला सांगायला हवी होती तिला तर नाहीच नाही. सांगायचं म्हणून मी बऱ्याचदा तोंड उघडलं आहे — आणि मग भलतंच काहीतरी विचारलं आहे, नळ आले का, पोराचा पेपर कसा गेला, असलं. मी बोलायला कमी नाही. अकोल्याच्या आमच्या गल्लीत माझ्या तोंडी लागायला माणसं घाबरतात. मग ही एकच गोष्ट घशाशी का अडून बसते? खोटं कशाला सांगू, मलाच त्याचं कुतूहल आहे.

सुरुवात कुठून करू? ह्या वर्षीच्या ॲडमिशनपासून करते, ते सोपं आहे.

जूनमध्ये माझा भाऊ त्याच्या मुलीला, आर्याला, घेऊन माझ्याकडे आला. तिनं इंजिनियरिंगला जायचं हे ठरलं होतं, ब्रँच ठरत नव्हती. तिला सिव्हिल आवडतं, पण ड्रॉइंग कच्चं. कच्चं म्हणजे किती? शाळेत असताना ती ड्रॉइंगच्या एलिमेंटरी परीक्षेला बसली होती, तेव्हा तिनं काढलेली सुरई बघून बाईंनी विचारलं होतं, हा बेडूक का काढलास. तर भाऊ म्हणाला, "अवं, त्याचं काय टेन्शन घेतं! तुह्या आत्याले तं साधा पेला काढता येत नव्हता. आज सिव्हिल इंजिनियर हाय का नाही?" सगळे हसले. मीही हसले. मग आर्यानं विचारलं, "आत्या, तुला कसं जमलं गं?"

कसं जमलं! साधा, सरळ प्रश्न. मी म्हटलं, सराव केला, मेहनत केली, आणि आता काय, सगळं कॉम्प्युटरवरच असतं. ह्यातलं काहीही खोटं नाही. पण हे उत्तरही नाही. ती गेल्यावर मी ओट्याशी उभी राहून बराच वेळ तोच प्रश्न घोळवत राहिले आणि दूध उतू गेलं.

मला चित्र काढता येत नव्हतं, हे तर खरंच. पण न येणं म्हणजे नुसता हात वळत नाही एवढंच नसतं, हे मला इंजिनियरिंगला अमरावतीला गेल्यावर कळलं. मला दिसतच नाही. समोर डबा ठेवा, डबा दिसतो. आता हाच डबा वरून कसा दिसेल, आडवा पाडला तर कसा, तिरपा कापला तर कापल्या जागी कोणता आकार होईल — डोळे मिटून बघ म्हटलं की माझ्यापुढे नुसता अंधार. बाकीच्यांना खरंच दिसतं का? तुम्हाला दिसतं? मी अजून लोकांना विचारत असते. कुणी म्हणतं दिसतं की, त्यात काय. मला वाटायचं सगळे थापा मारतात.

शाहीनला मात्र दिसायचं. ती थाप नव्हती.

शाहीन म्हणजे माझी रूममेट. आम्ही दोघी अकोल्याच्याच, पण ओळख अमरावतीत झाली. कॉलेजजवळ एका काकूंच्या घरात मागची खोली आम्ही दोघींनी मिळून घेतली होती. तिचे अब्बा उर्दू शाळेत मास्तर. घरी ती उर्दू बोलायची, माझ्याशी वऱ्हाडी, आणि चिडली की दोन्ही एकदम. ॲडमिशनच्या फेऱ्यांमध्ये आम्हा दोघींनाही इलेक्ट्रॉनिक्स मिळालं होतं. मला काहीही चाललं असतं. मी सगळे घेतात म्हणून इंजिनियरिंग घेतलेली मुलगी. तिला मात्र लहानपणापासून सिव्हिलच हवं होतं. थोडक्यात हुकलं होतं.

तिची एक सवय सांगते, म्हणजे तुम्हाला ती कळेल. कुणाच्याही घरी जाऊन आली की ती त्या घराचा नकाशा काढायची. वहीच्या मागच्या पानावर, पेन्सिलनं, पट्टीशिवाय. मग त्या घराच्या चुका सांगायची. मोरी नको तिथं आहे, जिना उगाच अंधारात गेलाय, पाहुणा आला की घरच्या बायकांना मागं जायला वाटच नाही. एकदा तिनं आमच्या काकूंना तोंडावर सांगितलं की तुमच्या स्वयंपाकघराला पूर्वेकडून खिडकी पाहिजे होती. काकू म्हणाल्या, "बाप्पा! चाळीस वर्सं झाले मी रांधून राहिली, मले नाही सुचलं, अन् हे आली मोठी!" आणि पुढं आठवडाभर आमच्याशी बोलल्या नाहीत. त्यानंतर मात्र त्यांनीच एका गवंड्याला बोलावून भिंत दाखवलेली मी पाहिली.

पहिल्या वर्षी सगळ्या ब्रँचना ग्राफिक्स हा विषय असतो. म्हणजे मोठ्या जाड शीटवर घनाकृतींची चित्रं — समोरून, वरून, कापून, उलगडून. माझी पहिली शीट सरांनी परत केली. दुसरीही केली. तेव्हा शाहीननं मला शिकवायचं मनावर घेतलं. बाजारातून पावभर गाजरं आणली आणि विळीवर एकेक गाजर कापून दाखवत बसली. आडवं कापलं की गोल. तिरपं कापलं की लांबट. उभं कापलं की बघ. गाजर हातात असेपर्यंत मला अगदी लख्ख कळायचं! आणि ते खाली ठेवलं की गेलं. ती वैतागायची नाही, ह्याचं मला फार नवल वाटायचं. माझ्या डोक्यात काय होतं हे तिला खरोखर जाणून घ्यायचं असायचं. "म्हणजे तुले कायच दिसत नाही? काळं दिसते का पांढरं?" असं विचारायची. शेवटी आम्ही गाजरं खाऊन टाकली आणि मी तिची शीट उतरवून काढायला लागले.

ह्याला आमच्यात जीटी म्हणायचे. ग्लास ट्रेसिंग. काचेवर दुसऱ्याची शीट ठेवायची, वर आपली कोरी शीट, खालून उजेड, की खालच्या रेषा वर दिसतात, त्या गिरवायच्या. मुलांच्या होस्टेलवर खिडकीची काच काढून तिच्याखाली बल्ब लावत. आम्हाला तेवढी उठाठेव नव्हती. आमच्या खोलीची खिडकी पश्चिमेला होती, आणि अमरावतीचं दुपारचं ऊन म्हणजे तुम्हाला काय सांगायचं. काचेवर शीट चिकटवली की झालं. मी घामानं निथळत उभी राहून गिरवायचे आणि शाहीन खाली सतरंजीवर पडून म्हणायची, "बापरे, इतक्या मेहनतीत तं खरी काढून झाली असती." जीटी अर्धा वर्ग करायचा. त्याची मला लाज नव्हती, आजही फारशी नाही. हा माझा गुन्हा नव्हे. तो पुढं आहे.

सरांनाही जीटी ठाऊक होतं. ते शीट उजेडाकडे धरून बघायचे. ज्यानं खरंच काढलंय त्याच्या शीटवर कंपासच्या टोकाची छिद्रं पडलेली असतात, खोडलेल्या रेषांचे मळकट डाग असतात. गिरवलेली शीट कशी — स्वच्छ, कोरीकरकरीत, छिद्र नाही. सिनियर मुलींनी आम्हाला हे पहिल्याच महिन्यात सांगून ठेवलं होतं.

आणि इथं शाहीनची अडचण होती. तिची शीटच मुळी स्वच्छ असायची. तिला छिद्र सहन व्हायचं नाही. कंपास टेकवायच्या आधी ती तिथं चिकटपट्टीचा नखाएवढा तुकडा लावायची, टोक त्यावर रोवायची, वर्तुळ झालं की तो तुकडा अलगद काढून टाकायची. कागदाला ओरखडा नाही. खोडायची वेळ यायची नाही, कारण कच्च्या रेषा ती इतक्या हलक्या हातानं मारायची की माझ्यासारखीला दिसतच नसत. तिचं हे टेपचं काम मी रोज बघत होते. तुकडे काढून ती माझ्या उशीला चिकटवून ठेवायची, मुद्दाम, मला चिडवायला.

शेवटच्या शीटवर शंकू होता. शंकू कापायचा आणि त्याचा पृष्ठभाग उलगडून दाखवायचा. मोठे कंस, बारीक भाग, मापं दाखवणारे ढीगभर बाण. तिनं काढली. मी खिडकीवर लावून गिरवली. आणि मग मी कंपास घेतला, टोकानं माझ्या शीटला छिद्रं पाडली — शंकूच्या टोकाशी, वर्तुळाच्या मध्यभागी, जिथं जिथं खरी पडली असती तिथं तिथं. बोटाला पेन्सिलची पूड लावून थोडं फासलं, वर रबर फिरवलं. शाहीन तेव्हा घरी फोन करायला बाहेर गेली होती. माझी शीट झकास मळकी दिसायला लागली. प्रामाणिक दिसायला लागली! मला हसू आलं होतं, आठवतंय. सर फसतात का बघू, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

सबमिशननंतर सरांनी आम्हा दोघींना केबिनमध्ये बोलावलं. एकत्र नाही — आधी तिला, मग मला. दोन्ही शीटवर एकाच बाणाचं टोक उलटं पडलं होतं. शाहीनची आख्ख्या वर्षातली एकुलती एक चूक, आणि मी ती इमानदारीनं उतरवली होती. म्हणजे एक खरी आणि एक गिरवलेली, हे सरांना कळलं होतं. खरी कोणती, हेच ठरायचं होतं.

मी आत गेले. सरांनी दोन्ही शीट एकापाठोपाठ एक खिडकीशी धरून मला दाखवल्या. माझ्या शीटमधून उजेडाचे ठिपके आले. तिच्या शीटमधून एकही आला नाही. सर म्हणाले, ती म्हणते दोघींनी आपापली काढली, बाणाची चूक योगायोगानं झाली. म्हणजे तिनं माझं नाव घेतलं नव्हतं. आमच्यात कुणाची जीटी आहे हे सांगायचं नसतं, तो शिरस्ता तिनं पाळला होता. मग सरांनी विचारलं, "ती सांगते कंपासखाली टेप लावते म्हणून छिद्र पडत नाही. तुम्ही एका खोलीत राहता. लावते का ती टेप?"

मी म्हटलं, "मी पाहिलं नाही, सर."

बस्स, एवढंच वाक्य. ते तोंडातून किती सहज गेलं, ह्याचंच मला अजून आश्चर्य वाटतं. घाम नाही, अडखळणं नाही. सकाळी उठले तेव्हाही एक तुकडा माझ्या उशीला चिकटलेला होता.

सरांनी तिचं का मानलं नाही? फक्त छिद्रांमुळे? तिचं नाव दुसरं असतं तर मानलं असतं का? सरांच्या मनात मला शिरता येत नाही. माझ्या मनात मात्र मी शिरू शकते, आणि तिथं काय होतं ते सांगते — माझं मानतील, तिचं मानणार नाहीत, हे मला केबिनचं दार ढकलतानाच माहीत होतं. का माहीत होतं, ते तुम्हीही ओळखता.

बाहेर शाहीन व्हरांड्यात उभी होती. चेहरा उतरलेला. तिनं विचारलं, "टेपचं विचारलं का तुले?" मी म्हटलं, विचारलं की. "मंग?" सांगितलं मी, लावते म्हणून. ऐकतच नाहीत ते. हे दुसरं खोटं, आणि हे पहिल्यापेक्षाही सफाईनं बोलले. तिनं मान हलवली. म्हणाली, "जाऊ दे. तू काय करशीन त्याले." मग ती पुन्हा आत गेली, सर, इथंच बसून काढून दाखवते, म्हणाली. सरांपुढं शीटचा डोंगर होता. ते म्हणाले, पुढच्या परीक्षेला काढून दाखव. तिचं सबमिशन नामंजूर झालं आणि तेवढा एक विषय राहिला.

आता तुम्ही म्हणाल, एक विषय राहिला तर राहिला, पुढं निघतो. निघालाच. तिनं पुढच्या खेपेला तो असा काढला की सर बघत राहिले असणार. पण एक गोष्ट मी अजून सांगितली नाही. पहिल्या वर्षानंतर ब्रँच बदलून मिळते. दुसऱ्या ब्रँचमध्ये जागा रिकामी झाली तर मार्कांप्रमाणे देतात, आणि अट एकच — सगळे विषय निघालेले हवेत. त्या वर्षी सिव्हिलला एकच जागा रिकामी झाली होती. आमच्या वर्गात मार्कांनी शाहीन सगळ्यांत वर होती. तिच्या खाली मी.

जागा रिकामी झाल्याची बातमी कॉलेजात कधी आली? छिद्रं पाडली त्याच्या आधी, की नंतर?

वर मी लिहिलं की सर फसतात का बघू, एवढंच माझ्या डोक्यात होतं. इतकी वर्षं मी स्वतःला असंच सांगत आले — छिद्रं म्हणजे निव्वळ चेष्टा, बातमी मागाहून आली, केबिनमध्ये मी घाबरले, झालं. पण तसं नव्हतं. बातमी आधी आली होती. शाहीननंच ती आणली होती. धावत खोलीत आली, मला सतरंजीवरून ओढून उठवलं, गोल फिरवलं, काकू बघायला आल्या काय झालं म्हणून. "वैशू, सीट खाली झाली! सिव्हिलची! एकच हाय, पण एकच पाहिजे नं मले!" संध्याकाळी तिनं आम्हा सगळ्यांना गिला वडा खाऊ घातला. मीही खाल्ला. छिद्रं मी त्यानंतर पाडली.

म्हणजे मी ठरवून केलं का? हेच तर मला शोधून काढायचं आहे, आणि सापडत नाही. तिचा विषय राहावा असा विचार शब्दांत मी कधी केला नाही, हे शपथेवर सांगते. पण माझी शीट खरी दिसावी असं मला वाटत होतं तेव्हा तिची खोटी दिसेल, हे मला कळत नव्हतं? घनाकृती कापल्यावर काय दिसेल ते कळत नव्हतं, मान्य. पण हे? हे न कळण्याइतकी मी बावळट नव्हते. मला कळत होतं आणि मी बघितलं नाही. आणि केबिनमध्ये तर सरळ विचारलंच होतं. तिथं एक होकार दिला असता तर सगळं मिटलं असतं. मी दिला नाही, कारण ती जागा मला हवी होती.

आणि का हवी होती? सिव्हिल! जिला पेला काढता येत नाही तिला? माझ्या घरी कुणी बांधकामातलं नाही, कुणाचा आग्रह नव्हता, इलेक्ट्रॉनिक्स बरं चाललं होतं. ह्याचा मी पुष्कळ विचार केला आहे, भाजी निवडताना, गाडी चालवताना. तिथं गेल्यावर मलाही तिच्यासारखं दिसायला लागेल असं वाटलं असेल का? थोडं तसं असेल. पण खरं सांगू? तिला ती इतकी हवी होती म्हणून मला हवीशी वाटली. एखाद्या गोष्टीची इतकी आस मला कधी लागलेलीच नव्हती. तिची आस मी जवळून बघितली आणि मला तीच पाहिजे झाली. हे चांगलं दिसत नाही. पण हेच आहे.

त्यातही मी कशी वागले बघा. अर्ज करायचा मी स्वतःहून विषयही काढला नाही. शाहीनच म्हणाली, "मले नाही तं नाही. तू भर. सीट वाया काहून घालवायची?" मी नाही-नाही म्हणत राहिले. तुझी जागा आहे, मला कशाला, मला तर ड्रॉइंग येत नाही. तिनं माझी समजूत काढली! म्हणाली, "मी हाय नं. तुह्या शीटा मी पाहीन." मग मी अर्ज भरला, जसं काही तिच्यावर उपकार करते आहे. जागा मिळाली त्या दिवशी ती रडली आणि मला वाटलं आता ही मला काहीतरी बोलणार. पण ती म्हणाली की सीट निदान आपल्या खोलीत तरी आली.

आणि तिनं शब्द पाळला. दुसऱ्या वर्षी सिव्हिलला बिल्डिंग ड्रॉइंग असतं — घराचे नकाशे, जिने, पाये. ती तिचा इलेक्ट्रॉनिक्सचा अभ्यास आटोपून माझ्या शीट काढायला बसायची. तिला ते काम वाटायचंच नाही. दारातून आत आलेला माणूस कुठं वळेल, उन्हाळ्यात झोपायची खोली कुठं हवी, असं बडबडत काढायची. मी ते खिडकीवर लावून गिरवायचे. छिद्रंही पाडायचे. तिच्यादेखत. ती हसायची, "पाह्य, मले हे अक्कल आधी असती तं!" मी काय उत्तर देत असे, ते मला आठवत नाही. मी हसतच असणार.

आज ती अकोल्यात एका बँकेत आहे. चांगल्या हुद्द्यावर आहे, नवरा भला माणूस आहे, दोन पोरं आहेत. ती सुखात आहे. हे मी माझी बाजू सावरायला सांगत नाही. तिचं सुख तिनं कमावलं, त्यात माझा काही वाटा नाही. आणि माझं म्हणाल तर माझंही बरं चाललंय. घराघरांच्या साइटवर फिरते, सिमेंटवाल्यांशी भांडते, मजुरांच्या चुका काढते, ते मला छान जमतं. नकाशा कॉम्प्युटर काढतो, घर फिरवून सगळ्या बाजूंनी दाखवतो. म्हणजे चित्र न येता सिव्हिल जमतं. भाऊ म्हणतो ते खरंच आहे. ज्या कारणानं मी घाबरायला हवं होतं ते कारणच पुढं उरलं नाही. मी केलं त्याची काही शिक्षा झाली असती तर मला बरं वाटलं असतं का? असाही विचार मी करून बघितला आहे.

आमची मैत्री अजून आहे. ईदला मी तिच्याकडे, दिवाळीला ती माझ्याकडे. इतक्या वर्षांत सांगायला जागा नव्हती असं नाही. अकोला-अमरावती बसमध्ये आम्ही शेजारी बसून कितीतरी वेळा गेलो. वाटेत मूर्तिजापूर आलं की मनाशी म्हणायचं, आता सांगते. तेवढ्यात बस सुटायची आणि ती भेळ पुढं करायची.

मागच्या महिन्यात ती भर दुपारी माझ्या ऑफिसात आली. घामाघूम. त्यांनी प्लॉट घेतला होता, घर बांधायचं होतं. पिशवीतून गुंडाळी काढून तिनं माझ्या टेबलावर पसरली. नकाशा तिनं स्वतः काढला होता. हातानं. बँकेतून आल्यावर, पोरांचा अभ्यास घेऊन झाल्यावर, रोज थोडा थोडा. मी वाकून बघत बसले. मला जिना कळेना. खालून वर जातो की वरून खाली येतो, आणि मधेच वळतो तो कुठं वळतो? मी विचारलं. ती मोठ्यानं हसली, "इंजिनियर तू का मी?" आणि बोटानं दाखवत मला वर घेऊन गेली — हे दार, ही पायरी, इथं उजेड येतो, इथं अम्मीला टेकायला जागा. मला दिसलं. तिचं बोट होतं तोवर दिसलं.

घरात एकही चूक नव्हती. मी शोधली, खरंच शोधली. का शोधत होते कोण जाणे.

मग तिनं मुद्द्याचं काढलं. महापालिकेत मंजुरीला टाकायचा तर लायसन्स असलेल्या सिव्हिल इंजिनियरचं नाव लागतं. तिचं चालत नाही, ती इलेक्ट्रॉनिक्सची. तुह्याच नावानं टाकू, म्हणाली, बाहेरच्याले कोण सांगन. मी तिच्याकडे बघत होते. ती पदरानं कपाळ पुसत होती. टेबलावर तिचं आख्खं घर पसरलेलं होतं आणि खोलीत आम्ही दोघीच होतो. ह्याहून चांगली वेळ मला आयुष्यात मिळणार नव्हती, आणि ते मला त्या क्षणी पक्कं कळत होतं.

नकाशाच्या कोपऱ्यात दोन ओळी असतात. मालकाच्या ओळीत मी तिचं नाव लिहिलं. नकाशा तयार करणारा अभियंता, ह्या ओळीत माझं. खाली सही केली, शिक्का मारला. तिनं कागद उचलून दूर धरला, वाळेपर्यंत फुंकर घातली.

"झालं एकदाचं," ती म्हणाली. "तू होती म्हणून झालं, वैशू."

त्यात काय एवढं, मी म्हटलं.